द्वारका पडली

"मेला की रे! द्वारका पडली!"

रसवंतीच्या बाकावर बसलेल्या तीन पोरांपैकी एक ओरडला आणि बाकीचे दोघे एकमेकांच्या मांडीवर थापा मारून हसायला लागले. मी उसाचा ग्लास तोंडाशी नेला होता, तो तसाच राहिला. माझ्या वयाची द्वारका मला अख्ख्या सांगलीत दुसरी भेटलेली नाही. शाळेत, बँकेत, दवाखान्यात, कुठंही हे नाव पुकारलं की उठून उभी राहणार ती मीच. त्यामुळं मी वळले.

"कोण पडली रे?"

"काय न्हाई काकू, गेममधली बाई हाय." पोरानं हौसेनं मोबाइल माझ्यापुढं धरला. "ही बघा. दरोडेखोर आले की ही येडी पळत सुटती ती डायरेक विहिरीत. दर टायमाला! आता कोनबी येड्यागत मेला की आमी म्हनतो, द्वारका पडली."

मी बघितलं. गाव माझं होतं. म्हणजे मी लिहिलेलं. वेस, पार, मारुतीचं देऊळ, वडाखालची विहीर. विहिरीपाशी हिरव्या लुगड्यातली एक बाई उभी होती आणि तिच्या डोक्यावर बारीक अक्षरांत लिहिलं होतं, द्वारका. "भाऊ, घरापर्यंत सोबत ये," ती म्हणाली. ते वाक्यही माझंच. तेवढ्यात इशाऱ्याचा ताशा वाजला, बाई पळाली आणि कठड्यातून आरपार जाऊन विहिरीत नाहीशी झाली. पोरं पुन्हा खिदळली.

मी रस तसाच टाकून उठले. याला आता सात-आठ वर्षं झाली, पण त्या दिवशी डोक्यात जी तिडीक गेली ती अजून पुरती उतरलेली नाही. शांत झाल्यावर लिहू म्हणून इतके दिवस थांबले. शांत काही झाले नाही, तेव्हा आता तशीच लिहिते.

त्या गेमचं नाव 'वेसराखे'. खेळणाऱ्यानं रात्रीची गस्त घालायची आणि दरोडेखोरांपासून गाव वाचवायचं. विश्रामबागेत फरशीच्या दुकानावर दोन खोल्या होत्या, तिथं आम्ही चौघंपाचजण मिळून तो करत होतो. मालक अभिनंदन मगदूम, अठ्ठावीस वर्षांचा, पुण्याला इंजिनिअर होऊन परत आलेला, बोलायला लोण्यासारखा. संगणकाचं सगळं काम सर्वेशकडं. मी तोवर एका कॉलेजात तासिका तत्त्वावर मराठी शिकवत होते. गावातल्या माणसांच्या तोंडी घालायची वाक्यं लिहायला म्हणून त्यांनी मला बोलावलं आणि मी आनंदानं गेले. मी वाक्यं कागदावर लिहून द्यायचे, गेम स्वतः कधी खेळले नव्हते. ती सगळी पोरं मला ताई म्हणायची.

विहिरीवरच्या बाईला मी नाव दिलं नव्हतं. मुद्दाम दिलं नव्हतं. मी नुसतं लिहिलं होतं, 'विहिरीवरची बाई'. तिला कुणीतरी घरापर्यंत पोचवायचं होतं. पोचवलं, की दरोडेखोर कुठल्या वाटेनं येणार ते ती सांगायची. खेळणाऱ्याला ती वाट हवी असायची आणि मला ती बाई घरी पोचायला हवी होती.

का, ते सांगते. द्वारका हे माझ्या आत्याचं नाव. आप्पांची, म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. पंचमीच्या सणाला सासुरवाशिणीला माहेरी आणायला जो भाऊ जातो त्याला आमच्याकडं मुराळी म्हणतात. आप्पा चौदा वर्षांचे असताना मुराळी म्हणून तिच्या सासरी गेले होते. सासू म्हणाली, आज नाही, उद्या ये. आत्या त्यांना वेशीपर्यंत सोडायला आली आणि म्हणाली, "भाऊ, घरापतूर सोबत ने की रं." आप्पा म्हणाले, उद्या येतो. दुसऱ्या दिवशी ती नव्हती. पाणी शेंदताना पाय घसरला आणि विहिरीत पडली.

मला माहीत होतं ते एवढंच, तेही आईनं एकदा हळूच सांगितलेलं. आमच्या घरात ही गोष्ट दोन शब्दांत संपायची. द्वारका पडली. त्याच्या मागं काही नाही, पुढं काही नाही. आप्पांनी तिचं नाव मला ठेवलं आणि त्या नावानं मला एकदाही हाक मारली नाही. पोरी म्हणायचे, बाळ म्हणायचे, फारच चिडले तर 'ओ बाई' म्हणायचे. शाळेत नाव घालतानासुद्धा म्हणे त्यांनी मास्तरांना ते कागदावर लिहून दिलं होतं.

रसवंतीवरून मी तडक ऑफिस गाठलं.

"कुणी घातलं हे नाव?"

सर्वेशनं कानावरचे हेडफोन खाली घेतले. "कुठलं नाव, ताई?"

"विहिरीवरच्या बाईचं."

"ते होय! ते मीच टाकलेलं, तात्पुरतं." त्याला वाटलं मला गंमत वाटतेय. "नावाचा रकाना रिकामा सोडला की गेम मधेच बंद पडतो. मग काहीतरी टाकायचं आणि मागनं बदलायचं, सगळीकडं तसंच करतात. तुम्ही लिहिलेली बाई म्हणून तुमचं नाव टाकलं. बदलायचं राहून गेलं बघा."

"आणि ती विहिरीत का जाते?"

"कठडा नुसता दिसायला आहे, आतनं पोकळ. ताशा वाजला की ती नाकासमोर घराकडं पळते. मधे विहीर आली की संपलं."

"मग कठडा बांध."

"बांधतो की. दहा मिनिटांचं काम आहे."

तो बांधायला वळलासुद्धा. तेवढ्यात आतल्या खोलीतून अभिनंदन आला आणि त्यानं सर्वेशच्या खांद्यावर हात ठेवला.

"जरा थांब. ताई, बसा. चहा सांगू?"

"चहा नको. कठडा बांध आणि नाव काढ."

"हे बघा तरी आधी." त्यानं फोन माझ्यापुढं केला. पुण्याचा कुणी 'तुफान' म्हणून पोरगा होता. गेम खेळत खेळत बडबड करायची आणि त्याचे व्हिडिओ टाकायचे, हाच त्याचा धंदा. त्यानं द्वारकाला ओळीनं विहिरीत घालवलं होतं आणि दर वेळी खुर्चीवरून खाली पडेपर्यंत हसला होता. खाली लोकांनी लिहिलं होतं, द्वारका पडली. नागपूरचे, नाशिकचे, दुबईतले मराठी लोक. परीक्षेत नापास झाला, द्वारका पडली. मुलीनं नकार दिला, द्वारका पडली. "ताई, गेल्या वर्षभरात जेवढ्यांनी गेम घेतला नाही तेवढ्यांनी या महिन्यात घेतलाय. लोक दरोडेखोर बघायला येत नाहीत, द्वारकाला बघायला येतात. असली जाहिरात मागून मिळत नाही."

"ते माझं नाव आहे, अभिनंदन."

"मग चांगलंच आहे की! घराघरात पोचलात तुम्ही."

"माझ्या आत्याचं नाव आहे. ती विहिरीत पडून गेली."

सर्वेशनं मान खाली घातली. मग अभिनंदन हळू आवाजात म्हणाला, "सॉरी ताई. खरंच माहीत नव्हतं. पुढच्या अपडेटला काढतो. शब्द देतो तुम्हाला."

मी विश्वास ठेवला. नवं अपडेट आलं. नाव होतं तिथंच होतं. विहीर मात्र मोठी झाली होती. बाई पडली की पाणी उसळायचं, बेडूक ओरडायचा आणि वरच्या कोपऱ्यात आकडा दिसायचा, आजवर द्वारका किती वेळा पडली त्याचा. मी सर्वेशच्या टेबलावरचा कीबोर्ड उचलला आणि भिंतीवर हाणला. बटणं फरशीभर उडाली. सर्वेश गुडघ्यावर बसून ती वेचायला लागला. त्याची मला दया आली नाही.

"शब्द दिला होतास!"

"ताई, दिलाय आणि पाळणार," अभिनंदन दोन्ही हात पुढं करून म्हणाला. "पुढच्या महिन्यात तुफानचा मेळावा आहे, आपल्या सांगलीत, इंजिनिअरिंग कॉलेजच्या हॉलमध्ये. लोक पैसे घालायला तयार आहेत कंपनीत, ते येणार आहेत. तेवढं होऊ दे. त्याच स्टेजवरनं मी जाहीर करतो, की आजपासून द्वारका पडणार नाही. तुमच्या हातनं करू."

तेव्हाच नोकरीला लाथ मारायला हवी होती असं मला मैत्रिणी सांगतात. लाथ मारून मी घरी बसले असते आणि बाई विहिरीत पडतच राहिली असती. तिथं रोज जाऊन टोचणारं कुणीतरी हवं होतं. मी रोज टोचत होते.

पण खरी भीती ऑफिसात नव्हती, आमच्या गल्लीत होती. आप्पा कारखान्यातून निवृत्त झालेले, आई जाऊन बरीच वर्षं झालेली. संध्याकाळी दाराबाहेरच्या कट्ट्यावर बसून गल्लीतल्या पोरांचं क्रिकेट बघणं हा त्यांचा एकच शौक. एक दिवस मी भाजी घेऊन येतेय, तोच कुणाचातरी त्रिफळा उडाला आणि सगळी पोरं एका सुरात ओरडली, "द्वारका पडली!"

मी जवळजवळ धावतच कट्ट्यापाशी गेले. आप्पा समोर बघत होते.

"आप्पा, आत चला. डास झालेत."

"आत्ता कुठलं डास? ऊन हाय की अजून."

"चला म्हणते ना!"

ते माझ्याकडं बघत राहिले आणि मुकाट्यानं आत आले. मी टीव्ही लावला, आवाज मोठा केला. मग गल्लीत जाऊन पोरांना झाडलं. परत हे शब्द ऐकू आले तर बॅट बंबात घालीन म्हटलं. दुसऱ्या दिवशी ती दुप्पट जोरानं ओरडली. पोरांच्या हातात आपली दुखरी नस द्यायची नसते, हे मला मास्तरीण असून कळलं नाही. तेव्हापासून रोज संध्याकाळी मी काही ना काही निमित्त काढून आप्पांना आत न्यायचे. पाय चेपायचे, पेपर वाचून दाखवायचे, नको त्या वेळी जेवायला वाढायचे. आप्पा एका शब्दानं विचारायचे नाहीत.

मेळाव्याच्या दिवशी हॉल खच्चून भरला होता. काळे टी-शर्ट विकायला ठेवले होते आणि छातीवर पांढऱ्या अक्षरांत लिहिलं होतं तेच. मी विंगेत उभी राहिले. अभिनंदन जाहीर करेपर्यंत तोंड उघडायचं नाही असं स्वतःला बजावून आले होते. तेवढ्यात पहिल्या रांगेकडं लक्ष गेलं.

आप्पा बसले होते. इस्त्रीचा सदरा, धोतर, टोपी. लग्नाला निघाल्यासारखे.

मी अभिनंदनचा दंड धरला. "त्यांना कुणी बोलावलं?"

"मीच, तुमच्या घरच्या फोनवर," तो खूश होऊन म्हणाला. "तुमचा सत्कार ठेवलाय ताई. म्हटलं, काकांना तर सांगायलाच पाहिजे. सरप्राइज!"

"अरे, तुला सांगितलं होतं मी! त्यांची बहीण होती ती. त्यांची!"

त्याचा चेहरा पडला. आत्या कुणाची तरी बहीण असते, हे बहुधा त्याच्या त्या क्षणी ध्यानात आलं. "पण... आता तर सुरू झालंय, ताई," तो म्हणाला.

मी पायऱ्या उतरून आप्पांपाशी गेले. "आप्पा, घरी चला."

"का? तुझा सत्कार हाय म्हनं."

"कसला सत्कार नाही. उठा. माझं डोकं दुखतंय."

"बस गं पोरी." त्यांनी माझा हात बाजूला केला. "रिक्षानं आलोय. बघून जातो."

दिवे गेले, पडदा उजळला आणि तुफान नाचत स्टेजवर आला. स्पर्धा होती. द्वारकाला सगळ्यात लवकर विहिरीत कोण घालवतो. पहिला पोरगा बसला. पडद्यावर आमच्या घराएवढी मोठी झालेली ती बाई म्हणाली, "भाऊ, घरापर्यंत सोबत ये," आणि अख्खा हॉल "नाही येत जा!" म्हणून ओरडला. ताशा वाजला. तुफान माइकवर किंचाळला, "द्वारकाऽऽ" आणि शेकडो गळ्यांतून आलं, "पडली!" मग दुसरा पोरगा, मग तिसरा. मी आप्पांकडं बघत होते. ते मात्र पडद्याकडं बघत नव्हते. मान वळवून मागच्या पोरांचे चेहरे बघत होते.

"आणि आता, मित्रांनो, जिच्या नावानं हा सगळा धिंगाणा, ती खरीखुरी द्वारका!"

मी स्टेजवर गेले ती सत्कार घ्यायला नाही. तुफानच्या हातातला माइक हिसकावला. खूप काही ठरवलं होतं बोलायचं, त्यातलं एक अक्षर आठवेना.

"बंद करा हे!" मी ओरडले. "लाजा वाटत नाहीत?"

मागून कुणीतरी म्हणालं, "द्वारका चिडली!" झालं. सगळ्या हॉलनं ते उचललं. द्वारका चिडली, द्वारका चिडली. त्यांना वाटलं हाही कार्यक्रमाचाच भाग आहे. तुफान तर माझ्याभोवती फेर धरायला लागला. त्या दिवशी माझ्या हातात माइकऐवजी दुसरं काही असतं तर मी आज तुरुंगात असते.

कधी उठले कळलं नाही, पण आप्पा कडेच्या पायऱ्या चढून वर आले. गुडघे धरलेले, दर पायरीला हात टेकत. तुफानला लॉटरी लागल्यागत झालं. "आले, आले! द्वारकाचे बाबा आले! काका, सांगा लवकर, लहानपणी किती वेळा पडली ही?"

आप्पांनी माझ्या हातातला माइक घेतला.

"ही न्हवं," ते म्हणाले. "ही माझी पोरगी. द्वारका माझी आक्का. थोरली भन."

पोरं हसली, पण जरा कमी.

"मी चौदा वर्सांचा हुतो. पंचमीला तिला आनाय गेल्तो. आत्ता ती बाई म्हनली न्हवं, सोबत ये, तसंच म्हनली. मी म्हनलं उद्या येतो. दुसऱ्या दिशी गेलो तर म्हनले, पानी शेंदाय गेली, पाय घसरला, पडली. मी त्यांच्या घरात गेलो. सैपाकघरात घागर पालथी हुती. दोर खुटीला हुता. हात लावून बघितला. कोरडा हुता."

हॉलमध्ये पंख्यांचा आवाज ऐकू यायला लागला. मला घागरीचं माहीत नव्हतं. दोराचं माहीत नव्हतं. एवढी वर्षं एका घरात राहून मला यातलं काही माहीत नव्हतं.

"बाई घागर न घेता, दोर न घेता पानी शेंदाय जाती व्हय? मी तिथंच इचारलं, समद्यांच्या म्होरं. तर माझ्याच बापानं मुस्काडात दिली. म्हनला, धाकटी अजून लग्नाची हाय, गप ऱ्हा. कुनी इचारलं तर पडली म्हनायचं." आप्पांनी श्वास घेतला. "तवापास्नं मी पडलीच म्हनत आलो. तुमीबी तेच म्हनताय. मला मारून म्हनाय लावलं. तुमाला तर कुनी मारलं न्हाई."

ते थांबले. मला वाटलं संपलं, म्हणून मी त्यांचा हात धरला. त्यांनी तो सोडवून घेतला.

"आत्ता येवढं जन जमलायसा, तर एकदा इचारा की. कुनी ढकलली?"

पहिल्या रांगेतली पैसेवाली माणसं बुटांकडं बघत होती. फोन मात्र शेकड्यानं वर झाले होते, सगळे आमच्याकडं रोखलेले. आप्पांनी माइक तुफानच्या हातात नीट दिला आणि आम्ही पायऱ्या उतरलो.

रिक्षात मी त्यांना विचारलं, "मला कधी सांगितलं का नाही?"

"बापानं तोंड शिवलं हुतं. मागनं बाप गेला, तरी टाका तसाच." ते बाहेर बघत म्हणाले, "गल्लीत ती पोरं वरडायची, मला ऐकू येत न्हवतं व्हय? तू आत न्यायचीस. मला वाटलं, हिलाबी ठावं हाय आन हिलाबी बोलायचं न्हाई."

म्हणजे मी त्यांचं तोंड आणखी शिवत होते. मला माझाच राग आला, आणि त्याहून जास्त त्या मेलेल्या आजोबांचा, ज्यांच्या फोटोला मी दर वर्षी हार घालत होते.

मला वाटलं होतं, आता तरी लोक लाजतील. लोक लाजले, दोन दिवस. व्हिडिओ सगळीकडं फिरला, कुणाकुणाला रडू आलं, अभिनंदनला शिव्या बसल्या. तिसऱ्या दिवशी नवीन थट्टा सुरू झाली. गेममध्ये कुणी मेला की एकजण म्हणायचा, "द्वारका पडली," आणि बाकीचे आप्पांच्या आवाजाची नक्कल करून विचारायचे, "कुनी ढकलली?" आमच्या गल्लीतही सुरू झालं. त्रिफळा उडाला की "कुनी ढकलली?" मी दार आपटून घेतलं. त्या माणसानं पन्नास वर्षं गिळलेलं बाहेर काढलं, तर त्याचीही यांनी गोळी करून चघळावी! त्या दिवशी मी खरोखर एकाची बॅट हिसकावून आणली आणि बंबापाशी नेऊन ठेवली.

त्याच संध्याकाळी अभिनंदन आणि सर्वेश घरी आले. अभिनंदननं आप्पांच्या पायाला हात लावला. "काका, चुकलो. आजच नाव काढतो. ते नवीन जे चाललंय तेही बंद करायला लावतो, तुफानशी बोललोय. ताई, तुमच्यासमोर काढतो, सर्वेशनं कॉम्प्युटर आणलाय."

इतके महिने भांडले होते ते याच्यासाठी. मी म्हटलं, "काढ. आत्ता काढ."

"कशाला काढतोस?" आप्पा म्हणाले. "ऱ्हाऊ दे."

"आप्पा!"

"नाव ऱ्हाऊ दे. कठडा तेवढा बांध. ती घरला पोचाय पायजे."

माझा तोल गेला. "आप्पा, थट्टा चाललीय तुमची! तुमच्या बोलण्याची, तिच्या मरणाची. ती पोरं काय मनापासून विचारत नाहीत. त्यांना मजा वाटते, बस्स!"

"व्हय, थट्टा हाय. मला का कळत न्हाई?" त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "पर इचारत्यात न्हवं? नात्यातल्या शान्या मानसांनी कवा इचारलं न्हाई. पोलीस पाटलानं इचारलं न्हाई. माझ्या बापानं न्हाई, मीबी त्या मुस्काडीनंतर परत न्हाई. ही येडी पोरं रोज इचारत्यात. इचारू देत की."

मला ते पटलं नाही. आजही पुरतं पटलेलं नाही. मी काही बोलणार, तेवढ्यात कोपऱ्यातला फोन वाजला. मी उचलला.

"चौगुल्यांचं घर का?" एका पुरुषाचा आवाज. साधारण माझ्याच वयाचा. "म्हाताऱ्याला समज द्या जरा. ते गेमचं नाटक बंद करा. आमच्या घराण्याची बदनामी चाललीय. आम्ही गप बसणारी माणसं नाही, सांगून ठेवतो."

"कोण बोलतंय?"

"कोण ते महत्त्वाचं नाही. म्हाताऱ्याला द्या."

शिवी माझ्या ओठावर आली होती. आप्पांनी उठून माझ्या हातातला फोन घेतला आणि कानाला लावला. बराच वेळ ते नुसतं ऐकत होते. तिकडचा आवाज चढलेला मला उभ्या जागी ऐकू येत होता. अभिनंदन आणि सर्वेश दाराशी अवघडून उभे होते. बाहेर पोरं दुसरी बॅट घेऊन खेळत होती.

मग आप्पा शांतपणे म्हणाले, "मी गावाचं नाव घेतलं न्हवतं, बाबा. घराचंबी न्हवतं. तुमी का फोन केला?"

तिकडं फोन ठेवल्याचं मलाही ऐकू आलं. आप्पांनी फोन जागेवर ठेवला, टोपी झटकून डोक्यावर घातली आणि खुंटीवरची काठी काढली.

"द्वारका," ते म्हणाले.

चौतीस वर्षांत पहिल्यांदा.

"चप्पल घाल. इचारून येऊ."